सुरतीचा नवा दोर

१९७८ साल. मी सतरा वर्षांचा होतो आणि त्या वर्षी आमच्या गोठ्यात तीन बैल होते. हौश्या, मोऱ्या आणि सुरती. पहिले दोन चारा खायचे, तिसरा पेट्रोल प्यायचा. सुरती म्हणजे नावेच्या मागे लावायची लहान मोटर. माझे मोठे मामा सुरतेकडे खाडीच्या काठाला राहत. तिथल्या एका मासेमाराने ती वापरून टाकून दिलेली, मामांनी गोणपाटात गुंडाळून रेल्वेने आणली आणि आमच्या ओट्यावर ठेवली. वरचं टोपण पिचलेलं, रंग उडालेला, पण पाण्यात सोडून दोरी ओढली की फट फट फट करून नावेला तापीच्या धारेत सरळ उभं धरायची. पहिल्या दिवशी माय म्हणाली, सुरतहून आला तो सुरती, आणि तेच नाव राहिलं. कोरडी जागा म्हणून तिला गोठ्यात मोऱ्याच्या शेजारी लाकडी घोडीवर टांगायचे. मोऱ्या रात्रभर तिला चाटायचा. पेट्रोलच्या वासाची त्याला गोडी लागली होती की तेलाची, ते त्यालाच माहीत.

मोटर लागली का, तर आमचं वावर पाण्यापलीकडे गेलं म्हणून. खाली गुजरातेत धरण झालं आणि पाणी उलटं चढत चढत आमच्या गावापर्यंत आलं. आधी उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून बैलगाडी पलीकडे जायची. आता बारा महिने पाणी, आणि पावसाळ्यात तर वरून पूर आला की वल्हं मारणाऱ्याचे खांदे गळून जात आणि नाव दोन शेतं खाली जाऊन लागे. घर या काठाला, काळीभोर जमीन त्या काठाला. तिथे कापूस, थोडी ज्वारी आणि मिरची. आमच्या मिरचीचा ठेचा वाटायला घेतला की चार घरं खोकायची, अशी मिरची. नानाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांचं म्हणणं, ही कटकट कशाला, पलीकडच्या गोरखअप्पांना वावर बटाईने देऊन टाकू, ते पिकवतील, निम्मं घरी येईल. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबा हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. पण मला कळत होतं. एकदा दुसऱ्याचा नांगर वावरात फिरला की ते वावर आपली चाल विसरतं. आणि खरं सांगायचं तर माझंही त्यात होतं. मी चौथीत शाळा सोडलेली. हिशेबात मठ्ठ, नांगराला कच्चा. पण आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, नाव मी चालवत होतो आणि त्या मोटरीचा आवाज ऐकून तिचं पोट दुखतंय की डोकं, ते मी सांगू शकत होतो. वावर गेलं तर नाव गेली, नाव गेली तर मी कोण?

आता आबांच्या दोराविषयी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या आबांसारखा अंबाडीचा दोर वळणारा आजूबाजूच्या गावांत नव्हता. अंबाडी कापून डबक्यात कुजवायची, मग सालं सोलून धुवून वाळवायची, की रेशमासारखे पांढरे धागे निघतात. आबा धोतर मांडीपर्यंत वर घेऊन ओट्यावर बसत आणि मांडीवर तळहाताने धागे वळत. खसर्र, खसर्र. आमच्या घरात श्रावण आला हे पावसाने नाही, त्या आवाजाने कळायचं. त्या मांडीवर केस उगवतच नसत. पोळ्यापर्यंत घरातल्या प्रत्येक जनावराला नवा दोर झाला पाहिजे, कासरा, मोरखी, दावं, सगळं नवं. आणि जुने दोर गोठ्यात ठेवायचे नाहीत. मिरवणूक निघायच्या आधी त्यांचं भेंडोळं करून, दगड बांधून, तापीत सोडायचं. वर्षभराचं ओझं, वर्षभराचे फटके त्यांच्यासोबत बुडतात असं फुई म्हणायची. फुई म्हणजे आबांची थोरली बहीण. लहानपणी विधवा होऊन आमच्याकडे आली ती कायमची. घरात माय स्वयंपाकाची धनीण, तशी फुई त्या पलीकडच्या वावराची. पीक हुरड्यात आलं की दिवसभर माचावर उभी राहून ती गोफणीने पाखरं उडवायची.

त्या वर्षी पोळ्याच्या सकाळी आबांनी नवे दोर बैलांसमोर मांडले. मी मोजले नाहीत, पण एक जास्तीचा होता हे मला दिसलं. बारीक, करंगळीएवढा, हळदीत बुडवलेला. आबांनी तो उचलला आणि मोटरीकडे मान हलवून म्हणाले, "हाऊ त्याले."

"आबा, ती मोटर शे, बैल नही," मी म्हणालो.

"काम करस का नही?"

"करस."

"दाना-पानी मांगस का नही?"

"मांगस."

"मंग बैल नही तं काय शे? ज्याले दावनवर बांधं, त्याले पोयाले नवा दोर."

मोटरीची आपली दोरी चांगली होती. गुळगुळीत, विणलेली, तेलाने काळपट झालेली, तोंडाशी जराशी पिंजारलेली, एवढंच. पण सणाच्या सकाळी बापाशी वाद घालायचा नाही ही आमच्या घरातली शिस्त, आणि आबा एकदा बोलले की तापी उलटी वाहील पण ते नाही. मीही त्यांचाच पोरगा, म्हणून मला ते चांगलं माहीत. मी पान्याने वरची वाटी खोलली. तिच्यात एक चक्री असते, चक्रीच्या पोटात पोलादी पट्टीची गुंडाळलेली कमान. दोरी ओढली की चक्री फिरते, मोटर फिरते, आणि सोडली की कमान दोरीला परत आत ओढून घेते. मी जुनी दोरी काढली, आबांचा पिवळा दोर ओवला, आबांनी स्वतः बैलगाठ मारली. तीनदा ओढून पाहिलं. तीनदा आत गेला, साप बिळात जातो तसा. आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मोऱ्याकडे पाहिलं. जुनी दोरी बाकीच्या दोरांच्या भेंडोळ्यात गेली आणि फुईने ते दगड बांधून तापीत सोडलं.

मग सण. हौश्या-मोऱ्याची शिंगं हिंगुळाने रंगवली, अंगावर गेरूचे ठसे, कपाळाला बाशिंग. मायने सुरतीच्या पिचलेल्या टोपणालाही कुंकू लावलं आणि मी तिला नावेवर चढवून काठाला उभी केली, सगळ्यांना दिसावी म्हणून. घरात चुलीवर उलटं खापर तापलेलं. माय पुरणाचा मांडा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत थाळीपेक्षा मोठा करून खापरावर टाकायची, त्याचा वास गल्लीच्या टोकापर्यंत. सोबत सार, भजी, कुरडया. मी आजवर पुष्कळ ठिकाणी जेवलो, शहाद्याला, लोणखेड्याला पोराच्या लग्नात बुफे का काय तेही जेवलो, उभ्याने. पण सारात बुडवलेला तो मांडा पुन्हा मिळाला नाही. सुनांना येतो करता, पण गॅसवर खापर तापत नाही आणि तापलं तरी ते हात नाहीत.

दुपारी रिमझिम झाली, थांबली, परत झाली. मिरवणूक फिरून आली तेव्हा नानाकाका ओट्यावर पान लावत बसले होते. त्यांनी सगळ्यांसमोर विषय काढला. पलीकडे मिरचीत गवत गुडघ्याला लागलंय, पूर चढल्यापासून निंदणीच्या बाया तिकडे उतरलेल्या नाहीत.

"दादा, सकाय गोरखअप्पा तठे बाया लई येनार शे," ते आबांना म्हणाले. "आपल्या बाया पहिले उतरन्यात तं वावर आपलं. नही उतरन्यात तं त्यान्या निंदतीन, आनी मंग वावर त्यालेच देवाले लागी."

आबांनी बैलाच्या मानेवरून हात फिरवला. "चाली," ते म्हणाले. "सुरती शे ना."

"शे ना. दाखाडा मंग आम्हले."

सगळे काठावर गेलो. मी नावेत चढून दोराला हात घातला आणि हाताला लागताच मला कळलं. दोर ओला होता. अंबाडी पाणी पिते. बैलाच्या गळ्यात ती भिजली तर घट्ट होते, मजबूत होते, म्हणून तर ती बैलाला चांगली. पण इथे ती चक्रीच्या अरुंद खाचेत फुगून बसली होती, उडीद भिजवून डब्यात दाबून भरावे तशी. मी ओढलं, हातभर बाहेर आली आणि तिथेच लोंबत राहिली. परत आत जाईना. अजून ओढलं तर आत काहीतरी कडाडलं आणि सगळंच अडकलं.

"दादा," नानाकाका पान चावत म्हणाले, "तुम्हना सुरती रुसी गया वाटस. मांडा दिधा का त्याले?"

काठावरचे लोक हसले. आबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. वळून घरी गेले. मी मोटर खांद्यावर घेतली, मागोमाग गेलो. आता कोणी म्हणेल, दुसरी दोरी आणायची. कुठून? खांडबाऱ्याहून गाडी धरून सुरतेला जाऊन यायचं तर दोन दिवस, आणि सकाळी तर बाया उतरायच्या होत्या. चाकाच्या खाचेत गाठ अडकवून, भवऱ्यासारखी दोरी गुंडाळून ओढायची एक रीत मामांनी दाखवली होती, पण आमच्या मोटरीच्या त्या खाचेचा कान आमच्याकडे यायच्या आधीच तुटलेला. दोर नुसता घसरायचा. वल्हं मारून जाण्यासारखं पाणी नव्हतं, झाडांचे बुंधे वाहत होते.

ओसरीवर गोणपाट पसरून मी वाटी खोलली. फुगलेला दोर चाकूने कापून कापून काढला. शेवटचा तुकडा निघाला आणि कमान सुटली. पोलादी पट्टी अशी उसळली की माझ्या मनगटावर रेघ काढून भिंतीवर आदळली. ती रेघ अजून आहे. नातवंडं विचारतात, आजोबा, वाघ होता का? मी हो म्हणतो. पट्टी मोडली नव्हती हे नशीब. मायने हळद दाबली, आणि मी पट्टी बोटांनी थोडी थोडी गुंडाळत परत वाटीत बसवायला लागलो. बसली की उसळायची, उसळली की परत बसवायचो. नानाकाका दारातून एकदा डोकावून गेले. मला म्हणाले, "सोड रे पोऱ्या, सन शे आज." मी ऐकलं नाही. मी कोणाचंच ऐकत नाही, हे लिहितानाही घरचे म्हणताहेत झोपा आता.

कमान बसली, पण दोरी कशाची? आबा बाहेर ओट्याच्या टोकाला बसून आणखी बारीक अंबाडी वळायला लागले होते. खसर्र, खसर्र. मेण लावतो म्हणाले. मी म्हणालो, "अंबाडी नको आबा." ते वळतच राहिले. मी विहिरीचा दोर पाहिला, जाड. पाळण्याची सुताची दोरी पाहिली, कुजकी. मायने परकराची नाडी काढून दिली आणि स्वतःच हसली. मी खुंटीवरची एक एक वस्तू पाहत फिरत होतो आणि एका वस्तूकडे मुद्दाम पाहत नव्हतो. फुईने ते ओळखलं.

"काय देखी ऱ्हायना? ती गोफन काढ."

फुईची गोफण अंबाडीची नव्हती. खालच्या अंगाला जाळी टाकणारे लोक फाटकी जाळी फेकून देत. ती आणून, नायलॉनचा धागा उसवून, फुईने गोफण विणली होती. भिजली तरी फुगत नाही, हात कापत नाही. दोन वर्षं लागली होती तिला ती हाताला बसवायला. तिचा दगड दुसऱ्या शेताच्या बांधावर बसलेल्या कावळ्याला उडवायचा, लागू न देता.

"फुई, ती तुन्ही शे," खुंटीवरून गोफण काढत मी म्हणालो.

"वावर ऱ्हायनं नही तं गोफन कसाले? भीतले दगड मारू का?"

तिने गोफण माझ्या हातातून घेतली, मधला झोळ आधी दातांनी तोडला आणि वीण उसवायला बसली. मी आणि ती समोरासमोर. मोटरीच्या दोरीला सांधा चालत नाही, गाठ चक्रीत अडकते, म्हणून सगळा धागा मोकळा करून एकच सलग दोरी विणायची. वळायची नाही, विणायची, कारण वळलेला दोर ओढला की पीळ खातो. फुईने आठ पदर केले, एक टोक माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधलं आणि गोल वीण घालायला लागली. हा वरून, तो खालून. ती मोजल्यासारखी ओठ हलवत होती. माझं काम पदर ताणून धरायचं. मध्येच तिचा हात दुखला की मी विणायचो आणि ती माझं उसवून परत विणायची. माय दोनदा येऊन गेली. "जेवाले चाला, मांडा थंडा व्हई ऱ्हायनात." कोणी उठलं नाही. दिवेलागण झाली तेव्हा ओट्याच्या टोकाचं खसर्र खसर्र थांबलं होतं. कधी थांबलं ते मला कळलं नाही.

दोरी एक वाव, म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढी, भरली. पाहिजे होती त्यापेक्षा वीतभर कमी. धागाच संपला होता. फुईने चुलीतला निखारा चिमट्याने आणून टोक त्याला टेकवलं, नायलॉन वितळून त्याचा मणी झाला, त्याच्या मागे तिने गोफणीची बारीक गाठ मारली. आता शेवटचं काम, आणि ते एका माणसाचं नाही. चक्री उलटी फिरवून कमान ताणायची, ताणलेली तशीच धरून ठेवायची आणि दुसऱ्याने दोरी ओवून गाठ बसवायची. हात सुटला की सगळं पहिल्यापासून. फुईची बोटं विणून विणून आखडली होती. माझ्या मनगटाला फडकं.

आबा उठून आले. माझ्यासमोर उकिडवे बसले आणि चक्रीवर दोन्ही अंगठे दाबले. मी फिरवली, कमान ताणली गेली, त्यांनी धरली. दोर वळून वळून त्या अंगठ्यांना घोड्याच्या खुरासारखी कातडी आली होती. मी दोरी ओवायला लागलो. कंदिलाच्या उजेडात भोक सापडेना.

"बैल वढस तसा वढी ऱ्हायना हाऊ," आबा म्हणाले.

"सोडू नका, आबा."

"मी कोनता बैल सोडा आजपर्यंत?"

गाठ बसली. त्यांनी अंगठे हळूहळू ढिले केले आणि दोरी आपोआप आत गेली. ओढली, बाहेर आली, सोडली, आत गेली. मी परत ओढणार तर आबांनी माझा हात धरला. म्हणाले, थांब. ओट्यावरून त्यांनी आपल्या बारीक अंबाडीच्या दोराचं टोक आणलं, कापलं, पिंजारून त्याचा गोंडा केला, हळदीत बुडवला आणि दोरीच्या मुठीला बांधला. मग फुईकडे पाहून म्हणाले, "पोयाना दिन शे. दावनवरना बैल नवा दोरबिगर कसा ऱ्हाई?"

फुई म्हणाली, "बांध रे भाऊ. पन बाहेरच बांध."

तेव्हा आबा हसले. आम्ही थंड झालेले मांडे गरम सारात बुडवून खाल्ले आणि नानाकाकांनाही बोलावलं. ते आले, दोन मांडे जास्त खाल्ले, मोटरीचं नाव काढलं नाही.

आता त्या काठाला जायला पूल आहे. माझी नातवंडं मोटरसायकलवर बसून एका हाताने मोबाईल धरून पलीकडे जातात. बटण दाबलं की गाडी चालू. चालू होण्यासाठी काही ओढावं लागतं, हेच त्यांना ठाऊक नाही. गोठ्यात बैल नाही, ट्रॅक्टर आहे. पोळ्याला मी त्याच्या स्टेअरिंगला अंबाडीचा गोंडा बांधतो, माझ्या हाताने वळलेला. पोरं हसतात. हसू देत. माझ्याही मांडीवर आता केस नाहीत.

त्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी अजून गढूळ होतं, पण झाडं वाहायची थांबली होती. निंदणीच्या बाया विळे-भाकरी घेऊन नावेत बसल्या. फुई पुढे टोकाला. नानाकाका म्हणाले मीही येतो, देखतो तरी, तर मी त्यांच्या हातात पाणी उपसायचा डबा दिला. आबा काठावर उभे होते. दोरी वीतभर कमी, म्हणून उभं राहून ओढता येईना. मी मोटरीपुढे गुडघे टेकले आणि पिवळा गोंडा मुठीत धरून झटका दिला. काही नाही. दुसरा दिला, ती खोकली. तिसऱ्याला फट फट सुरू झाली आणि एक बाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "उठना वं माय सुरती." धारेत मी नाव वर तोंड करून धरली, तिरकी तिरकी नेली आणि बरोबर आमच्या बांधाखाली लावली.

काठावर गोरखअप्पा उभे होते, मागे त्यांच्या बाया.

"काय रे पोऱ्या," ते म्हणाले, "मोटर बंद पडनी असं आयकं व्हतं."

"राम राम अप्पा. बरोबर आयकं. काल बंद व्हती."

"मी तं बाया लई उनू," अप्पांनी मागच्या बायांकडे हात केला.

"तुम्हना वावरमा बी गवत शेच ना," मी म्हणालो. अप्पा हसले, बिडी पेटवली आणि आपल्या बाया घेऊन बांधाबांधाने निघून गेले. नानाकाका डबा हातात धरून तसेच बसले होते.

सगळ्यांत आधी फुई उतरली. मिरचीकडे बाया वळल्या, ती मात्र ज्वारीपाशी थांबली. अजून कणसं निसवलेली नव्हती, पण चिमण्यांचा एक थवा आत उतरला होता. तिचा हात सवयीने कमरेला गेला. तिथे काही नव्हतं. तिने ओल्या बांधातलं एक ढेकूळ उचललं आणि हातानेच फेकलं. जवळच पडलं, पण पाखरं उडाली. बायांची दुसरी खेप घरच्या काठावर वाट पाहत होती. मी नाव ढकलली, गुडघे टेकले आणि परत दोरीला हात घातला.